घड्याळाची तक्रार

१९५८ साली अमेरिकेतील काही वृत्तपत्रांत व मासिकांत मोटारीची एक जाहिरात प्रसिद्ध झाली. मोटार होती इंग्लंडात तयार होणारी रोल्स-रॉइस आणि जाहिरात लिहिणारे गृहस्थ होते डेव्हिड ऑगिल्व्ही. मोटारीची जाहिरात म्हटली म्हणजे तिचा वेग, तिचे रूप किंवा तिची किंमत यांचे वर्णन प्रथम यावयाचे, असा नेहमीचा रिवाज. ऑगिल्व्ही यांनी मात्र आरंभ केला तो एका लहानशा घड्याळापासून. ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर वेगाने ही मोटार धावत असता तिच्यात सर्वांत मोठा आवाज ऐकू येतो तो विजेच्या घड्याळाचा, असा त्या जाहिरातीच्या मथळ्याचा आशय होता.

जाहिरातीत आणखीही काही गोष्टी सांगितल्या होत्या. प्रत्येक इंजीन मोटारीत बसविण्यापूर्वी ते पूर्ण जोराने ७ तास चालवून पाहिले जाई. तयार झालेल्या मोटारीला ९८ निरनिराळ्या परीक्षा द्याव्या लागत. चाकांच्या आसातून बारीकसादेखील आवाज येत नाही ना, हे पाहण्यासाठी तेथील अभियंते डॉक्टरांप्रमाणे स्टेथॉस्कोप लावून ऐकत. इतकी दक्षता घेतल्यावर मोटार जवळजवळ निःशब्द झाली, यात नवल ते काय! उरली ती केवळ घड्याळाची टिकटिक.

या जाहिरातीची वाहवा झाली. परंतु ऑगिल्व्ही यांनी पुढे अशी हकीकत सांगितली आहे, की कारखान्यातील मुख्य अभियंत्याने ती जाहिरात वाचून खेदाने मान हलविली आणि आता त्या घड्याळाचे काहीतरी केलेच पाहिजे, असे उद्गार काढले! इतरांना जी मोटारीची स्तुती वाटली, तीत त्या अभियंत्याला आपल्या कामातील एक उणीव दिसली.

वस्तुतः त्या घड्याळाचा आवाज काही वाढलेला नव्हता. भोवतीचा आवाज कमी झाला होता. दिवसभर घरात माणसांची वर्दळ असते, भांडी वाजत असतात, रस्त्यावरून वाहने जात असतात. त्या वेळी भिंतीवरील घड्याळाकडे कुणाचे लक्ष जात नाही. रात्री सारे निजले, की तेच घड्याळ जणू मोठ्याने बोलू लागते. तेव्हा घड्याळाचा आवाज ऐकू आला, म्हणजे ते बिघडलेच असे नाही. मग बिघाडाचा आवाज कोणता आणि प्रकृती चांगली असल्याचा आवाज कोणता, हे ओळखावे कसे? जुन्या मोटारींतील घड्याळे दुरुस्त करणाऱ्या कारागिराची सारी विद्या या एका प्रश्नापासून सुरू होते.

मोटारीत घड्याळ बसविणे ही दिसते तितकी सोपी गोष्ट नव्हती. ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ साली लंबकाचे घड्याळ बनविले. लंबकाचे घड्याळ अचूक खरे. पण त्याला स्थिर भिंत हवी. हलत्या गाडीत लंबकाचे झोके बिघडतात आणि घड्याळ लहरी बनते. याच हायगेन्सने १६७५ साली दुसरी युक्ती प्रसिद्ध केली. लंबकाऐवजी एक लहानसे चक्र घ्यावयाचे आणि त्याच्या आसाला केसासारखी बारीक वेटोळी कमान जोडावयाची. ती कमान चक्राला एकदा इकडे व एकदा तिकडे डोलावीत राहते. यालाच तोलचक्र म्हणतात. घड्याळ उभे धरा, आडवे धरा किंवा खिशात घालून चाला, तोलचक्राचे डोलणे चालूच राहते. ज्या घड्याळाला प्रवास करावयाचा, त्याच्या अंगी तोलचक्र असणे आवश्यक ठरले.

आरंभीच्या मोटारींत अशी घड्याळे हाताने किल्ली देऊन चालवीत. पुष्कळ घड्याळे एकदा किल्ली दिली की आठ दिवस चालत. दर रविवारी किल्ली द्यावयाची, आणि एखाद्या रविवारी विसर पडलाच तर सोमवारचा एक दिवस हाताशी राही. परंतु माणसाचा विसरभोळेपणा एका दिवसाने भागत नाही! तेव्हा मोटारीत बॅटरी आहेच, तर तिच्याकडूनच किल्ली का देववू नये, असा विचार यंत्रज्ञांनी केला. त्यातून स्वतःच स्वतःला किल्ली देणारे विजेचे घड्याळ निर्माण झाले. १९५० ते १९७० च्या दरम्यान अमेरिकेत तयार झालेल्या अनेक मोटारींत अशी घड्याळे होती.

या घड्याळाची रचना मोठी चतुराईची आहे. त्यात एक लहान दांडी असते. तिला एक कमान ओढून धरते. कमान हळूहळू सैल पडते, तसतशी दांडी पुढे सरकते आणि दातेरी चाके फिरवून काटे चालविते. मिनिट-दोन मिनिटांत कमानीचा जोर संपत येतो. त्याच सुमारास दांडीवरील धातूचा एक लहान ठिपका समोरच्या दुसऱ्या ठिपक्याला जाऊन टेकतो. मोटारीचे कारागीर या ठिपक्यांना ‘पॉइंट’ म्हणतात. पॉइंट एकमेकांना भिडताच बॅटरीतील विजेचा प्रवाह तारेच्या वेटोळ्यातून वाहू लागतो, वेटोळे चुंबक बनते आणि दांडीला हिसका देऊन मागे फेकते. कमान पुन्हा ताणली जाते. दांडी मागे गेल्यामुळे पॉइंट सुटतात, वीज बंद होते आणि घड्याळ पुन्हा मिनिट-दोन मिनिटे आपल्या कमानीच्या बळावर चालू लागते.

म्हणजे वीज येथे काटे फिरवीत नाही. ती फक्त किल्ली देते, आणि तीही क्षणाच्या एका अंशात. म्हणून बॅटरीवर तिचा भार फारसा पडत नाही. चाकांची बारीक टिकटिक हा या घड्याळाचा पहिला आवाज आणि अधूनमधून होणारा ‘टक्’ हा दुसरा. दर दोन मिनिटांनी एकदा किल्ली बसते असे धरले, तर हा ‘टक्’ दिवसातून ७२० वेळा होतो. वर्षाचा हिशेब केला, तर तो अडीच लाखांच्या पुढे जातो. मोटार घराबाहेर पडो अथवा महिनाभर जागची न हलो, घड्याळ आपले काम करीतच असते.

आपल्याकडे अमेरिकी मोटारी पुष्कळ वर्षांपूर्वीपासून आल्या. १९२८ साली जनरल मोटर्स या कंपनीने मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. तो १९५४ साली बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून १९४७ साली मोटारी बाहेर पडू लागल्या. त्याही आरंभी अमेरिकी बनावटीच्याच होत्या. त्या काळच्या मोटारी हौशी माणसांनी अद्यापही जपून ठेवल्या आहेत. अशीच एक जुनी मोटार मुंबईतील एका वृद्ध घड्याळजीच्या दुकानासमोर येऊन थांबली आहे, असे समजा.

मोटारीतून एक आजोबा उतरतात. त्यांच्याबरोबर त्यांचा बारा वर्षांचा नातू आहे. मोटारीच्या पुढच्या फळीतील घड्याळ गेल्या काही दिवसांपासून फार कुरकुरू लागले आहे. पूर्वी बऱ्याच वेळाने एकदा ‘टक्’ होत असे. आता ‘टक्, टक्, टक्’ असे लागोपाठ चालते आणि मधूनच काहीतरी खडखडते.

नातू कंटाळून म्हणतो, “काका, याची तार कापून टाका ना! म्हणजे एकदाचा आवाज बंद होईल.”

घड्याळजी हसून म्हणतात, “बाळ, तुला ताप आला म्हणजे तू कण्हतोस. तेव्हा आई तुझ्या तोंडावर हात ठेवते, की कपाळावर?”

नातू ओशाळून गप्प बसतो. घड्याळजी मोटारीचे इंजीन बंद करावयास सांगतात, दारे लावून घेतात आणि आत स्वस्थ बसून राहतात. ते हत्याराला हात लावीत नाहीत; केवळ ऐकतात. नंतर एका लांब पेचकसाचे टोक घड्याळाच्या कडेला टेकवून त्याची मूठ ते कानाला लावतात. लोखंडातून आवाज स्पष्ट येतो. मनगटावरील घड्याळ पाहून दोन ‘टक्’मधील अंतर ते मोजतात. ते अंतर मिनिटभराचे असावयास हवे. येथे ते कधी दहा सेकंदांचे, तर कधी पाच सेकंदांचे भरते.

“किल्ली बसते आहे, पण पुरती बसत नाही,” ते आजोबांना सांगतात. “दांडीला जोराचा हिसका मिळत नाही. म्हणून कमान थोडीच ताणली जाते आणि लगेच संपते. बिचारे पुन्हापुन्हा किल्ली मागते आहे. बॅटरी कशी आहे?”

आजोबा कबूल करतात, की पावसाळाभर मोटार घरीच उभी होती आणि बॅटरी मंदावली आहे.

घड्याळजींची मुद्रा गंभीर होते. ते म्हणतात, “मग ही तक्रार वेळेवर कानी आली म्हणावयाची! बॅटरी आणखी उतरली असती, तर पॉइंट भिडले असते, पण दांडीला मागे फेकण्याइतके बळ चुंबकाला उरले नसते. पॉइंट तसेच चिकटून राहिले असते. जी वीज क्षणभर वाहावयाची, ती सारखी वाहत राहून वेटोळे तापले असते आणि अखेर जळून गेले असते. त्यानंतर मात्र हे घड्याळ मुळीच कुरकुरले नसते. अगदी शांत झाले असते!”

ही गोष्ट खरी आहे. अशा घड्याळांचा अंत पुष्कळदा याच रीतीने होतो. म्हणून काही घड्याळांत बनविणाऱ्यांनी एक सुरक्षिततेची सोय करून ठेवलेली असते. विजेच्या मार्गातील एक सांधा लवकर वितळणाऱ्या डाखाने जोडलेला असतो. वेटोळे फार तापले, तर डाख वितळतो, सांधा सुटतो आणि वेटोळे वाचते. घड्याळ बंद पडते खरे. पण पुन्हा जिवंत होण्याची आशा राहते. ज्या मोटारीची बॅटरी उतरली असेल किंवा जी मोटार दीर्घ काळ उभी करून ठेवावयाची असेल, तिच्या घड्याळाची वीज आधी तोडून ठेवावी, असे जाणते कारागीर सांगतात ते यासाठीच.

आता प्रत्यक्ष कामाला आरंभ होतो. घड्याळजी सर्वप्रथम बॅटरीची तार सोडवितात. पुढच्या फळीमागे अनेक तारांचे जाळे असते. तेथे पेचकस चुकून दोन ठिकाणी टेकला, तर ठिणग्या उडून तारा जळण्याचा धोका असतो. नातवाला ते दूर उभे राहून पाहावयास सांगतात. मग हात आत घालून घड्याळ अलगद बाहेर काढतात. ते तळहातावर घेतात आणि तारांनी बाहेर ठेवलेल्या चांगल्या बॅटरीला क्षणभर जोडतात. नवल असे, की ‘टक्’ होतो, पण तो पूर्वीच्या निम्म्यानेही मोठा वाटत नाही!

“काका, हात लावताच बरे झाले?” नातू विचारतो.

घड्याळजी उत्तर न देता टेबलावर एक रिकामा लाकडी खोका पालथा घालतात आणि घड्याळ त्यावर टेकवितात. ‘टक्’ एकदम दणक्यात ऐकू येतो. नंतर ते घड्याळ घडी केलेल्या जाड कापडावर ठेवतात. आता आवाज अगदी मंद होतो. तंबोऱ्याची तार नुसती ताणून छेडली, तर तिचा आवाज फार लांब जात नाही; भोपळ्यामुळे तो घुमतो. मोटारीची पत्र्याची फळी हाही घड्याळाचा भोपळाच होय. घड्याळ तिला घट्ट, कोरडे टेकले असेल, तर प्रत्येक ठोका पत्र्यातून घुमतो. आणि एखादा स्क्रू ढिला झाला असेल, तर खडखड सुरू होते. या घड्याळाचा एक स्क्रू सैल झालेला होता आणि पत्रा व घड्याळ यांमधील मऊ चकती कुजून गळून पडली होती. म्हणजे कुरकुरीची कारणे एक नव्हे, दोन होती. एक रोग घड्याळाच्या पोटात होता. दुसरा घड्याळ जेथे बसते त्या जागेत होता.

काचेभोवतीचे कडे जपून उचकटून घड्याळजी काच व काटे काढतात. काढलेला प्रत्येक भाग पांढऱ्या कापडावर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने मांडतात आणि शेजारी कागदावर त्याची आकृती काढून ठेवतात. पन्नास वर्षे हे काम करणाऱ्याला आकृतीची काय गरज, असा प्रश्न नातवाच्या चेहऱ्यावर उमटतो. घड्याळजी म्हणतात, “विसरण्याची भीती नवख्याला नसते, जाणत्यालाच असते.”

डोळ्याला भिंग लावून ते आत पाहतात. चाकांच्या आसांची टोके ज्या भोकांत फिरतात, तेथले तेल वाळून काळा चिकट राळ जमला आहे. घड्याळाला तेल हवे असते; पण तेलाचेही वय असते. जुनी तेले काळाने घट्ट होतात, त्यांत धूळ मिसळते, आणि जे घर्षण कमी करण्यासाठी घातले तेच चाकांना जखडून टाकते. अशा वेळी वरून आणखी तेल ओतणे, हा उपाय नव्हे. जुने सारे धुऊन काढावे लागते. घड्याळजी चाके सुटी करून ती घड्याळे धुण्याच्या द्रवात घालतात, मऊ कुंचल्याने घासतात आणि आसांची भोके टोकदार काडीने साफ करतात. धुतलेला प्रत्येक भाग पुरता वाळेपर्यंत ते थांबतात. हा द्रव पेट घेणारा असतो आणि पॉइंट सुटताना बारीकशी ठिणगी पडते. ओलावा राहिला असता वीज जोडणे धोक्याचे.

मग ते सुईच्या टोकाएवढा तेलाचा थेंब एकेका भोकाशी ठेवतात. तेल जास्त झाले, तर ते पसरते आणि नको तेथे जाते. तोलचक्राच्या केसासारख्या कमानीला तेलाचा स्पर्श झाला, तर तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात. कमान जणू आखूड होते आणि घड्याळ पुढे धावू लागते. पॉइंटवर तेल पडले, तर ठिणगीने ते जळते आणि तेथे काजळी धरते. म्हणून कोठे तेल घालावे याच्याइतकेच, कोठे घालू नये हेही कारागिराला ठाऊक असावे लागते.

आता राहिले पॉइंट. घड्याळजी भिंग नातवाच्या हाती देतात. उघड्या डोळ्यांना जो नुसता काळा ठिपका दिसत होता, तेथे भिंगातून एका बाजूस खड्डा आणि दुसऱ्या बाजूस लहानशी टेकडी दिसते. लक्षावधी ठिणग्यांनी एका ठिपक्यावरील धातू कणाकणाने उचलून दुसऱ्यावर नेऊन ठेवला आहे. पॉइंट सपाट भिडत नाहीत, म्हणून विजेला पुरती वाट मिळत नाही; वीज अपुरी, म्हणून हिसका अपुरा; हिसका अपुरा, म्हणून किल्ली अपुरी; आणि किल्ली अपुरी, म्हणून पुन्हापुन्हा ‘टक्’. पुन्हापुन्हा ‘टक्’ झाला, की ठिणग्याही तितक्याच अधिक पडतात आणि खड्डा आणखी खोल होतो. बिघाडातून बिघाड वाढतो, तो असा.

अतिशय बारीक कानशीने घड्याळजी टेकडी उतरवितात. ते घाई करीत नाहीत. कारण ठिपक्यावरील चांगल्या धातूचा थर पातळ असतो, आणि एकदा घासून गेलेला धातू परत आणता येत नाही. शेवटी स्वच्छ कोऱ्या कागदाची पट्टी दोन्ही पॉइंटांमध्ये धरून ती ओढून काढतात. पट्टीवर काळी रेघ उमटते. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. चौथी पट्टी कोरी निघते, तेव्हाच त्यांचे समाधान होते. वेटोळे जळलेले नाही ना, हे ते मापकाने तपासून पाहतात. ते शाबूत आहे, हे ऐकून आजोबा सुटकेचा निःश्वास टाकतात.

जोडणी पूर्ण झाल्यावरही घड्याळ लगेच मोटारीत जात नाही. ही मोटार ६ व्होल्टच्या बॅटरीची आहे. १९५५ च्या सुमारापर्यंत बहुतेक अमेरिकी मोटारी ६ व्होल्टच्या असत. पुढे १२ व्होल्टची पद्धत रूढ झाली. ६ व्होल्टचे घड्याळ १२ व्होल्टला जोडले, तर त्याचे वेटोळे जळण्याची भीती असते. म्हणून घड्याळजी ६ व्होल्टची चांगली बॅटरी जोडून घड्याळ फळीवर ठेवतात. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी ते घड्याळाची वेळ ताडून पाहतात. आधी ते मागे पडते. मग थोडे पुढे जाते. अखेर वेळेशी जुळते.

चौथ्या दिवशी आजोबा व नातू पुन्हा येतात. घड्याळजी पत्रा आणि घड्याळ यांच्यामध्ये जाड नमद्याची नवी चकती घालतात आणि सैल झालेला स्क्रू आवळतात. नातू बारकाईने पाहत असतो. तो विचारतो, “काका, सगळीकडून रबर आणि नमदाच लावला, तर मुळीच आवाज येणार नाही ना?”

“प्रश्न चांगला आहे,” घड्याळजी म्हणतात. “परंतु बॅटरीतून निघालेली वीज घड्याळात येते, ती परत कशी जाते? येथे परतीची तार दिसते का?”

नातू वाकून पाहतो. घड्याळाला येणारी तार एकच आहे. अशा अनेक मोटारींत परतीची तार नसते. मोटारीचा लोखंडी सांगाडाच तिचे काम करतो. घड्याळाचे लोखंड पत्र्याला टेकलेले असते, म्हणून विजेचा फेरा पूर्ण होतो. रबर आणि नमदा यांतून वीज जात नाही. घड्याळ सर्व बाजूंनी गुंडाळले, तर त्याचा आवाज बंद होईल, तसे तेही बंद पडेल. म्हणून घड्याळजींनी घड्याळाच्या मागील स्क्रूपासून सांगाड्यापर्यंत एक वेगळी लहान तार जोडून घेतली आहे. आता घड्याळ मऊ गादीवर बसले आहे आणि विजेची परतीची वाटही मोकळी आहे.

नवी बॅटरी जोडली जाते. सारे मोटारीत बसतात. दारे बंद होतात. क्षणभर काहीच ऐकू येत नाही. नातू घाबरून घड्याळाकडे पाहतो. कान दिल्यावर बारीक, एकसारखी टिकटिक ऐकू येऊ लागते. मिनिटभराने एक मऊ ‘टक्’ होतो. मग पुन्हा मिनिटभर नुसती टिकटिक.

“अजून आवाज येतोच आहे की!” आजोबा थट्टेने म्हणतात.

“येऊ द्या,” नातू म्हणतो. “त्याने आत्ताच किल्ली घेतली.”

कालांतराने घड्याळांचे युग पालटले. १९६९ च्या अखेरीस जपानमध्ये पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस आले आणि पुढे मोटारींतही गारेच्या स्फटिकाच्या कंपनांवर चालणारी घड्याळे आली. त्यांत पॉइंट नाहीत आणि किल्लीचा ‘टक्’ही नाही. जुन्या मोटारीतील घड्याळाचे पोट काढून त्या जागी नवे क्वार्ट्‌झ यंत्र बसवून घेणारेही पुष्कळ लोक आहेत. ज्याला अचूक वेळ हवी आणि खटपट नको, त्याला हा मार्ग सोयीचा आहे. मात्र त्यांतील जाणते लोक जुने यंत्र फेकून देत नाहीत. ते डबीत जपून ठेवतात. ज्या दिवशी कुशल हात भेटेल, त्या दिवशी ते पुन्हा चालू होऊ शकते.

रोल्स-रॉइसचे अभियंते स्टेथॉस्कोप लावून ऐकत होते आणि हे वृद्ध घड्याळजी पेचकसाची मूठ कानाला लावून ऐकत होते. देश वेगळा, साधन वेगळे. परंतु रीत एकच. यंत्र बोलू लागले, की प्रथम त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. कोणता आवाज कामाचा आणि कोणता दुखण्याचा, हे ओळखावे. दुखण्याचे मूळ शोधून ते दूर करावे. कामाचा आवाज मात्र राहू द्यावा. तार कापून मिळणारी शांतता क्षणात मिळते. परंतु ती बंद पडलेल्या घड्याळाची शांतता असते.

शब्दार्थ

रिवाज – चाल, पद्धत. निःशब्द – आवाज नसलेले. दक्षता – काळजी, सावधपणा. आस – ज्याभोवती चाक फिरते तो दांडा. कमान – घड्याळातील स्प्रिंग. डाख – धातूचे सांधे जोडण्यासाठी वितळवून लावलेला धातू. नमदा – लोकर दाबून केलेले जाड कापड. कानस – धातू घासण्याचे हत्यार. ओशाळणे – शरमणे. शाबूत – न बिघडलेले, सुस्थितीत असलेले.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) जाहिरात वाचून मोटारीच्या कारखान्यातील मुख्य अभियंत्याला खेद का वाटला?
(आ) हलत्या गाडीत लंबकाचे घड्याळ का चालत नाही?
(इ) बॅटरी उतरली असता स्वतःला किल्ली देणारे घड्याळ कसे जळते?
(ई) घड्याळजींनी मोटारीच्या सांगाड्यापर्यंत वेगळी तार का जोडली?

२. कारणे द्या.
(अ) घड्याळ हातात घेताच त्याचा आवाज कमी झाला.
(आ) तोलचक्राच्या बारीक कमानीला तेल लागू देत नाहीत.
(इ) पॉइंट घासताना घड्याळजींनी घाई केली नाही.

३. “विसरण्याची भीती नवख्याला नसते, जाणत्यालाच असते.” या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. करून पाहा : टिकटिक करणारे गजराचे घड्याळ प्रथम घडी केलेल्या गोधडीवर आणि नंतर पालथ्या रिकाम्या डब्यावर ठेवा. दोन्ही वेळा आवाजात कोणता फरक पडतो, ते लिहा व त्याचे कारण सांगा.

५. तुमच्या गावातील घड्याळजी, सुतार, लोहार किंवा सायकल दुरुस्त करणारा कारागीर यांपैकी एकाचे काम तासभर पाहा. तो बिघाड कसा ओळखतो, यावर दहा ओळी लिहा.